शिकलेलं पिल्लू पुन्हा घरात शू करतंय? आधी जागा, वेळ आणि प्रमाण बघा

पिल्लू घरी आलं, सुरुवातीला घरभर तळी साचली, मग हळूहळू गाडी रुळावर आली. जागेवर नेलं की शू व्हायला लागली, फरशी कोरडी राहायला लागली, चार लोकांना कौतुकाने सांगूनही झालं. आणि मग एका सकाळी गादी ओली. दोन दिवसांनी सोफ्याच्या मागे. त्यानंतर पायपुसण्यावर, तेही बाहेरून फिरून आल्या आल्या. घरात निदान तयारच असतं: मुद्दाम करतंय, आपल्यावर राग काढतंय, नाहीतर हे पिल्लूच ढ आहे.

यातलं एकही खरं नसतं. राग काढायला गादी भिजवायची, इतका लांबचा हिशोब कुत्रं करत नाही. ‘शिकलेलं विसरलं’ हेही सहसा खरं नसतं. माझं मत विचाराल तर अशा बहुतेक घरांत पिल्लू अजून शिकलेलंच नसतं, शिकलेली असतात ती माणसं. उठल्याबरोबर उचलून न्यायचं, जेवल्यावर न्यायचं, हे ती चोख करत होती म्हणून फरशी कोरडी होती. काही दिवस सगळं ठीक गेलं की माणसं सैल पडतात, सगळ्या खोल्यांची दारं उघडी राहू लागतात, आणि पिल्लाला खरोखर किती कळलंय ते तेव्हा दिसतं.

पण ‘बहुतेक’ म्हणजे सगळी घरं नव्हेत. वरून सारखंच दिसणारं तळं पाच-सहा वेगळ्या कारणांनी साचू शकतं, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर प्रकरण चिघळतं. म्हणून उपायाला हात घालण्याआधी चार-पाच दिवस नोंद ठेवा. किती वाजता झालं, कुठे झालं, चार थेंब होते की मोठं तळं, आणि त्याच्या लगेच आधी पिल्लू काय करत होतं: झोपेतून उठलं होतं, जेवलं होतं, खेळत होतं की कुणी घरात आलं होतं. फ्रिजवर कागद चिकटवून ठेवा आणि जो पुसेल त्यानेच लिहायचं असं ठरवा. कित्येकदा उत्तर त्या कागदावरच सापडतं. सगळे प्रकार संध्याकाळच्या खेळानंतर दहा-पंधरा मिनिटांत घडतायत हे दिसलं, की पुढचं काही वाचायचीही गरज उरत नाही.

आधी दुखणं नाही ना, ते बघा

पिल्लू सारखं सारखं बसतंय, प्रत्येक वेळी दोन-चार थेंबच येतायत, बसून जोर लावतंय, कण्हतंय, शूच्या जागी सतत चाटतंय किंवा शूत लाल झाक दिसतेय, तर शिकवणं थांबवा आणि पशुवैद्याकडे जा. हा बहुधा मूत्रमार्गाचा संसर्ग असतो. मादी पिल्लांत तो जास्त दिसतो. औषधाने तो बरा होतो, पण तोवर तुम्ही कितीही वेळा बाहेर नेलंत तरी फरक पडणार नाही.

दुसरा प्रकार: पिल्लू झोपून उठतं तेव्हा अंथरूण ओलं असतं, चालता चालता थेंब गळतात, त्याला स्वतःला पत्ताही नसतो, आणि हे घरी आणल्या दिवसापासून चालू आहे. मूत्रपिंडातून येणारी नळी मूत्राशयात न उघडता पुढेच कुठेतरी उघडते, असा एक जन्मजात दोष असतो. तोही माद्यांत जास्त. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, सायबेरियन हस्की या जातींत तो बऱ्यापैकी नोंदला गेलाय. यात पिल्लाला रागावणं म्हणजे निव्वळ अन्याय.

पाणी फार पितंय असं वाटत असेल तर अंदाज बांधत बसू नका, मोजा. सकाळी मापाने पाणी भरा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 100 मिलिलिटरच्या वर पाणी जात असेल, म्हणजे 5 किलोचं पिल्लू अर्ध्या लिटरहून जास्त पीत असेल, तर तो आकडा डॉक्टरांना सांगा. उन्हाळा, कोरडं खाणं, दांडगा खेळ यांनी पाणी वाढतं, म्हणून दोन-तीन दिवस मोजलेलं बरं. आणि ‘शू कमी व्हावी’ म्हणून दिवसा पाणी बंद करणं, हा उपाय कुणी सुचवला तरी करू नका.

शीचं वेगळं. शी पातळ असेल तर पिल्लाला ती धरून ठेवताच येत नाही, मग जागा कुठली आणि वेळ कुठली. जंत, जिआर्डिया (आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी), अचानक बदललेलं खाणं ही नेहमीची कारणं. जंताचं औषध साधारणपणे दोन आठवड्यांच्या वयापासून आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला, आणि नंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला दिलं जातं. मध्ये खंड पडला असेल तर आधी तो भरून काढा. मात्र लसी अपुऱ्या आहेत, उलट्या होतायत, रक्ताळ आणि उग्र वासाचे जुलाब आहेत, पिल्लू गळून गेलंय, असं असेल तर हा पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणारा विषाणूचा आजार, असू शकतो. तिथे उद्याची वाट बघायची नाही, त्याच तासाला निघायचं.

शूचा नमुना न्यायचा असेल तर सकाळची पहिली शू उथळ, स्वच्छ, कोरड्या भांड्यात धरा. झाकणाच्या डबीत ओता आणि तासा-दोन तासांत पोहोचवा. उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा. फरशीवरून टिपून घेतलेला नमुना नेऊ नका.

‘बाहेर काही केलं नाही, घरात शिरताच केलं’

ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि लोक सगळ्यात जास्त चिडतात तेही इथेच. अर्धा तास फिरवलं, पायात गोळे आले, आणि साहेबांनी दारात पाऊल टाकताच पायपुसण्यावर कार्यक्रम उरकला.

पिल्लाच्या बाजूने बघा. बाहेर पाऊल टाकलं की त्याच्यासाठी जत्रा भरलेली असते. वास, आवाज, पानं, माणसं, गाड्या. शू लागलीय हे त्या गडबडीत त्याच्या ध्यानातच राहत नाही. घरात शिरल्यावर सगळं शांत होतं, अंग सैल पडतं आणि मग आठवण होते. याच्या जोडीला एक गोष्ट आपण नकळत शिकवलेली असते: शू झाली की लगेच घरी. हुशार पिल्लू हे चटकन पकडतं. शू केली की मजा संपते, तर मग शू लांबवलेली बरी.

म्हणून क्रम उलटा करा. आधी शू, मग फिरणं. दारातून निघून थेट ठरलेल्या एकाच जागी जायचं, पट्टा आखूड धरायचा आणि गप्प उभं राहायचं. बोलायचं नाही, खेळायचं नाही, मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही. पिल्लू तुमच्याभोवती गोल फिरेल, पट्टा ओढेल, तोंडाकडे बघेल. पाच मिनिटं दम धरा. शू सुरू झाली की एखादा ठरलेला शब्द हळू आवाजात म्हणा, रोज तोच. मध्येच ‘शाब्बास!’ म्हणून ओरडू नका, कारण ते दचकून अर्ध्यावर थांबतं आणि उरलेली अर्धी घरी येते. पूर्ण झाली की तिथल्या तिथे, दोन सेकंदांच्या आत, खिशातला खाऊ. घरी येऊन डबा उघडून दिलेला खाऊ म्हणजे घरात शिरल्याचं बक्षीस, त्याचा शूशी संबंध पिल्लाला लागत नाही. आणखी मिनिटभर थांबा, कारण बरीच पिल्लं दोन हप्त्यांत करतात. त्यानंतर हवं तेवढं फिरवा.

पाच मिनिटांत काहीच झालं नाही तर घरी आणा, पण मोकळं सोडू नका. मांडीवर घ्या, पट्ट्याने स्वतःजवळ ठेवा किंवा क्रेटमध्ये, म्हणजे पिल्लाच्या झोपायच्या बंद पिंजऱ्यात, ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा त्याच जागी. पहिल्या काही दिवसांत अशा तीन-तीन खेपा होतात, कंटाळा येतो. या पायरीला फाटा देऊ नका, सगळी मेख इथेच आहे.

लसीकरण पूर्ण झालेलं नसेल तर इतर कुत्री जिथे जातात तिथे पिल्लाला खाली सोडता येत नाही. प्राथमिक लसी संपायला साधारण 16 आठवड्यांचं वय होतं. तोवर घरातच एखादी जागा लागते. पुढे बाहेरच न्यायचं असेल तर ट्रेमध्ये माती किंवा गवताचा तुकडा ठेवा, ट्रेनिंग पॅड (शू शोषून घेणारी मऊ चौकोनी गादी) शक्यतो टाळा. कारण असं: साधारण तीन आठवड्यांचं होईपर्यंत पिल्लाला स्वतःहून शू-शी होत नाही, आई चाटते तेव्हा होते. मग ते झोपायच्या जागेपासून लांब जाऊन करायला लागतं, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास पायाखाली काय लागतं याची सवय पक्की व्हायला लागते. ज्याला मऊ, शोषून घेणारं काही पायाखाली लागलं की शू करायची असं शिकवलं, त्याला पॅड, पायपुसणं, गालिचा आणि तुमची गादी यांत फरक का वाटावा? पॅड आधीच वापरून झाले असतील तर ते रोज थोडे थोडे दाराकडे सरकवा, मग बाहेर न्या, मग लहान करत करत बंद करा. वापरलेल्या पॅडचा एक तुकडा बाहेरच्या जागी ठेवला तर वासाने मदत होते.

लपून करतं

पलंगाखाली, पडद्यामागे, पाहुण्यांच्या खोलीत. तुम्ही समोर असलात की कधीच नाही. बाहेर पट्ट्यावर नेलं तरी तुमच्याकडे बघत उभं राहतं आणि करत नाही. असं पिल्लू दिसलं की मी एकच प्रश्न विचारते: घरात कुणी ओरडतं का, त्याचं नाक शूत घासतं का, वर्तमानपत्राची गुंडाळी उगारतं का? उत्तर बहुधा थोडं थांबून ‘हो’ असं येतं.

माणसाने ‘घरात शू केली म्हणून’ शिक्षा केलेली असते. पिल्लू त्यातून शिकतं ते ‘माणसासमोर शू केली की मार बसतो’. मग ते माणूस टाळतं, घर टाळत नाही. शिक्षा उशिरा झाली तर एवढंही कळत नाही, कारण केलेली गोष्ट आणि परिणाम यांत काही सेकंदांचं अंतर पडलं की पिल्लाला ते जोडता येत नाही. ‘पण त्याचा चेहरा बघा, त्याला माहितीय चूक केली’ असं लोक म्हणतात. खाली घातलेले कान आणि चोरटी नजर ही तुमच्या आवाजाला आणि अंगविक्षेपांना दिलेली प्रतिक्रिया असते. कबुलीजबाब नसतो तो.

समोर करताना सापडलं तर हलकी टाळी वाजवा किंवा ‘ए, चल’ म्हणा, उचला आणि जागेवर न्या. उरलेलं तिथे झालं तर खाऊ. नंतर सापडलं तर पुसा आणि विषय सोडा. ज्या पिल्लाच्या मनात भीती बसलीय त्याला बाहेर लांब पट्टा द्या, त्याच्याकडे पाठ करून उभे राहा, आणि झाल्यावर खाऊ हळूच त्याच्याजवळ टाका. याला वेळ लागतो. घरातला एकजण जरी अधूनमधून ओरडत राहिला तरी दुसऱ्यांची मेहनत पाण्यात जाते, तेव्हा आधी माणसांची बैठक घ्या.

ठरलेल्या एकाच कोपऱ्यात

इथे दोष साफसफाईचा असतो. फिनाइलने पुसलं की आपल्या नाकाला स्वच्छ वाटतं, पिल्लाच्या नाकाला खालचा वास येतच असतो. अमोनिया असलेली क्लीनर तर वापरूच नयेत, त्यांचा वास शूच्या वासाशी मिळताजुळता असतो. ब्लीच शूवर ओतलं तर घातक वायू तयार होतो. आणि फिनाइलची ओली फरशी पिल्लाने चाटणं धोक्याचं आहे, निदान कोरडी होईपर्यंत तरी त्याला तिकडे जाऊ देऊ नका.

एन्झाइम असलेला, पाळीव प्राण्यांच्या डागांसाठीचा क्लीनर आणा. आधी जाड फडक्याने दाबून टिपून घ्या, घासू नका, घासल्याने शू आणखी आत जाते. मग क्लीनर भरपूर ओता. गादीत शू जितकी खोल गेली तितका तोही खोल गेला पाहिजे, वरवरच्या फवाऱ्याने काही होत नाही. बाटलीवर लिहिलेला वेळ तसाच राहू द्या, त्याआधी दुसरा साबण किंवा जंतुनाशक लावू नका, नाहीतर एन्झाइम काम करत नाही. जुने डाग कुठे आहेत कळत नसेल तर रात्री दिवे बंद करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवा. निकाल पाहून जरा धक्का बसेल, तयारी ठेवा.

साफ झाल्यावर त्या कोपऱ्यात पिल्लाचा जेवणाचा वाडगा ठेवायला सुरुवात करा. खायच्या जागी घाण करायला कुत्री नाखूश असतात. पायपुसणी आणि गालिचे काही आठवडे गुंडाळून माळ्यावर टाका. गादीला पाणी न झिरपणारं कव्हर घाला आणि झोपायच्या खोलीचं दार लावून घ्या.

कुणी आलं, कुणी वाकलं की

बेल वाजली, तुम्ही ऑफिसातून आलात, कुणीतरी वाकून डोक्यावर हात ठेवला, आणि पिल्लाने अंग चोरून, कान मागे पाडून, कधी उताणं होत थोडी शू सोडली. याचा शू शिकवण्याशी काही संबंध नाही. हा आनंद किंवा नमतं घेणं आहे, आणि त्यावर पिल्लाचा ताबा नसतो. रागावलात तर ते आणखी नमतं घेईल, म्हणजे आणखी शू. आल्यावर दोन-तीन मिनिटं त्याच्याकडे लक्ष देऊ नका, ते शांत झालं की खाली बसा, वरून वाकू नका, डोक्याऐवजी छातीला खाजवा. पाहुण्यांना हेच सांगा, शक्य असेल तर दाराबाहेरच भेटवा. बहुतेक पिल्लांचं हे वर्षभराच्या वयापर्यंत आपोआप सुटतं.

रात्र आणि क्रेट

जागेपणी आणि झोपेत पिल्लाची क्षमता वेगळी असते. वयाचे महिने अधिक एक, तितके तास, हा ढोबळ नियम ऐकला असेल. दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास, असा. ही वरची मर्यादा आहे, तीही शांत असताना. खेळणारं दोन महिन्यांचं पिल्लू अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा शू करतं. रात्री ते थोडं जास्त थांबतं, तरी या वयात मध्यरात्री एकदा-दोनदा उठावंच लागतं. शेवटचं जेवण झोपण्याआधी तीनेक तास द्या, झोपताना एक खेप करा, आणि रात्रीची खेप कंटाळवाणी ठेवा: मंद दिवा, शू, परत अंथरूण. खेळ सुरू केलात तर उद्यापासून ते खेळासाठी उठवेल.

क्रेटमध्येच घाण होत असेल तर क्रेट मोठी आहे का बघा. उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल इतकीच जागा हवी, वाढत्या पिल्लाला आतली फळी सरकवून जागा कमी-जास्त करता येते. क्रेट बेताची असूनही घाण होत असेल तर एकतर फार वेळ कोंडलं जातंय, किंवा ते घाणीतच वाढलेलं पिल्लू आहे. अरुंद पिंजऱ्यात पहिले आठवडे काढलेल्या पिल्लांची झोपायची जागा स्वच्छ ठेवायची ओढ बोथट झालेली असते. त्यांना क्रेटच्या भरवशावर न ठेवता वारंवार बाहेर न्या, अंथरूण काही दिवस काढून टाका, आणि इतर पिल्लांपेक्षा जास्त वेळ लागेल हे धरून चाला.

पुन्हा पहिल्यापासून

कारण कुठलंही निघो, दुखणं वगळता वेळापत्रक सगळीकडे सारखंच लागतं. निदान दोन आठवडे असं समजा की पिल्लू आजच घरी आलंय. उठल्यावर, प्रत्येक जेवणानंतर पाच ते तीस मिनिटांत, खेळ थांबल्यावर, आणि मधल्या वेळात लहान पिल्लाला तासातासाला बाहेर. वाडगा दिवसभर भरलेला ठेवू नका. चार महिन्यांपर्यंत तीन-चार ठरलेली जेवणं द्या, वीस मिनिटांनी वाडगा उचला. खाणं वेळेवर गेलं की शीही वेळेवर येते. घरात असताना पिल्लू नजरेसमोर, नाहीतर कमरेला बांधलेल्या पट्ट्यावर, नाहीतर क्रेटमध्ये किंवा कुंपणात. चौथा पर्याय ठेवू नका. खेळता खेळता एकदम थांबणं, जमीन हुंगत गोल फिरणं, गुपचूप दुसऱ्या खोलीकडे निघणं ही खूण दिसली की चप्पल शोधत बसायचं नाही, पिल्लू उचलायचं.

सलग दोन-तीन आठवडे कोरडे गेले की एक खोली उघडा. आणखी काही दिवसांनी दुसरी. पुन्हा ओलं झालं तर एक खोली मागे या.

सहा महिन्यांनंतर नराने पाय वर करून खुर्चीच्या पायावर, दाराच्या कडेवर थोडं थोडं सोडायला सुरुवात केली तर ती वासाने आपली हद्द खुणावणं आहे, मूत्राशय भरलेलं नसतं. डाग धुवा, त्या जागा अडवा, पुन्हा पट्ट्यावर ठेवा, आणि नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला. बऱ्याच नरांत त्याने हे कमी होतं. मादी पहिल्यांदा माजावर येते ते साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान, त्या दिवसांत तिला वारंवार शू लागते. तेवढे दिवस खेपा वाढवा.

आणि दुसऱ्या कुणाच्या घरी नेणार असाल तर आपल्या घरचा नियम तिथेही लागू आहे हे पिल्लाला आपोआप कळत नाही. आत नेण्याआधी त्यांच्या अंगणात किंवा इमारतीखाली शू करवून घ्या, खाऊ द्या, आणि पहिला दिवसभर पट्टा काढू नका. एन्झाइमची बाटली सोबत असू द्या.